गोड घोटाचा जाब

मस्कत द्राक्षाची गोड, सुवासिक वाइन मला मनापासून आवडते. ही आवड उशिरा लागली, पण पक्की लागली. आता पानशेत धरणाच्या पाण्याकाठी एका लहान गावात माझं कायमचं घर आहे, इथल्या मतदारयादीत माझं नाव आहे आणि शेजारपाजार माळकऱ्यांचा आहे. अशा जागी राहून एखादी गोष्ट आवडत असेल, तर तिच्याबद्दल निदान स्वतःशी तरी स्वच्छ बोलता आलं पाहिजे. लोक काय म्हणतील हा प्रश्न मी बाजूला ठेवते. मी स्वतःला काय सांगत असते आणि त्यातलं खरं किती, एवढंच मला पाहायचं आहे.

चौकशी करायची तर आधी आवडीला तिचं म्हणणं मांडू द्यावं.

वाइनसाठी लावल्या जाणाऱ्या बहुतेक द्राक्षांचा रस चाखला, तर पुढे पेल्यात येणाऱ्या वासांची त्यात फारशी चाहूल लागत नाही. ते वास रस आंबताना, मुरताना घडतात. मस्कतचं तसं नाही. घडाला नाक लावल्यावर जो वास येतो, तोच वाइनमध्ये येतो. त्याचं कारण सालीत आणि सालीलगतच्या गरात असलेली सुवासद्रव्यं: लिनालूल, जेरॅनिऑल, नेरॉल. लिनालूल म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या धन्यांचा वास. धन्याच्या तेलात सर्वांत जास्त तेच असतं. जेरॅनिऑल गुलाबात असतं, तसंच आपल्याकडच्या रोशा गवतातही. खानदेशातल्या डोंगरांवर या गवताचं तेल काढत, ते मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानात जाई आणि तिथल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. नेरॉल संत्र्या-लिंबाच्या फुलांत सापडतं. तेव्हा इटलीहून आलेली बाटली उघडल्यावर मला जे ओळखीचं वाटतं, तो माझा भास नाही. नाकाला ही द्रव्यं लहानपणापासून ठाऊक आहेत. ज्या खोऱ्यात आंबेमोहोर भात शिजला की शेजारच्या घरात कळतं, तिथल्या माणसांना सुवासाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

या द्रव्यांचा मोठा भाग द्राक्षात साखरेच्या रेणूला जखडलेला असतो आणि तसा असताना त्याला वासच नसतो. रस आंबताना आणि त्यानंतरही तो हळूहळू सुटा होतो. पण सुटं झालेलं लिनालूलही कायम राहत नाही, काळ जाईल तसं त्याचं रूप पालटतं आणि फुलांचा तो ताजेपणा उतरतो. म्हणून हलकी मस्कत वाइन वर्षानुवर्षं जपून ठेवण्यात अर्थ नसतो. जुनी ती चांगली, हा सर्वसाधारण समज इथे लागू होत नाही.

मस्कत हे एकच द्राक्ष नव्हे, ते मोठं कूळ आहे. बारीक मण्यांचा पांढरा मस्कत त्यात जुना आणि सर्वांत नाजूक. अलेक्झांड्रियाचा मस्कत त्याचंच अपत्य. वाइन गोड राहते ती मात्र वेगवेगळ्या युक्त्यांनी. इटलीच्या वायव्येला आस्ती भागात रस अर्धवट आंबला की तो एकदम थंड करतात आणि गाळून यीस्ट काढून टाकतात. साखर उरते, हलके बुडबुडे उरतात, मद्यांश साधारण 5 ते 5.5 टक्क्यांवर थांबतो. हीच मोस्कातो द’आस्ती. फ्रान्सच्या दक्षिणेला बोम-द-व्हनीझ आणि रिव्हसाल्त इथे आंबणाऱ्या रसात द्राक्षाचंच ऊर्ध्वपातित मद्य ओततात. त्यात यीस्ट मरतं, गोडी तशीच राहते आणि मद्यांश 15 टक्क्यांवर जातो. सिसिली आणि आफ्रिका यांच्यामधल्या पांतेलेरिया बेटावर अलेक्झांड्रियाचे घड उन्हात सुकवून मग त्यांची वाइन करतात. तिथल्या वाऱ्यापासून वेली वाचाव्यात म्हणून त्या खड्ड्यात बुटक्या वाढवतात, आणि या लागवडीला 2014 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत स्थान मिळालं. सांगली-तासगावच्या बेदाण्याच्या शेडवर जे पाहिलं आहे, त्यावरून सुकणाऱ्या घडात गोडी कशी एकवटते याची कल्पना मला करता येते.

ती प्यायची कशी, हे फार अवघड नाही. चांगली गार करावी, सहा-आठ अंशांवर, पण पेल्यात बर्फ टाकू नये. पेला लहान घ्यावा. आधी नुसता वास घ्यावा, आणि घाई करू नये. सोबतचा पदार्थ वाइनहून गोड असेल तर वाइन आंबट आणि रोडावलेली लागते, म्हणून श्रीखंड किंवा पुरणपोळीबरोबर तिची मजा जाते. मला ती कोथिंबीर वडीबरोबर सर्वांत आवडते. धन्यातला आणि द्राक्षातला सुवास एकमेकांना ओळखतात, आणि हलक्या मस्कतमध्ये मद्यांश कमी असल्याने मिरचीचा तिखटपणा भडकत नाही. पिकलेल्या पेरूच्या फोडी, मीठ लावलेले काजू, एखादं खारट चीज, यांच्याबरोबरही ती छान जमते. गोड वाइन म्हणजे अननुभवी जिभेची वाइन, खरी जाणकारी कोरड्या वाइनची, असं मानणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं मला पटत नाही. गोडी आणि आंबटपणा यांचा तोल राखणं वाइन करणाऱ्याच्या कसोटीचं काम आहे, आणि सुवास ओळखायला नाक लागतं, प्रतिष्ठा नव्हे.

हे द्राक्ष आपल्याला परकं नाही. हॅम्बुर्ग मस्कत भारतात गुलाबी या नावाने रुजलं. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात ते आजही मोठ्या प्रमाणावर होतं, आणि तिथल्या या द्राक्षाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. महाराष्ट्रातही भोकरी, फकडी, साहेबी यांच्या जोडीला गुलाबी होती. मग थॉमसन सीडलेस आली, तिच्यातून तास-ए-गणेश आणि सोनाकासारखे वाण निवडले गेले, आणि बियांची द्राक्षं बाजारातून मागे हटली. यात शेतकऱ्याचा दोष कसला? बिनबियांची, एकसारख्या मण्यांची, दूरवर टिकणारी द्राक्षं आम्ही गिऱ्हाइकांनीच मागितली. गोडी मिळाली, सुवास गेला. आज देशात सर्वांत जास्त द्राक्षं पिकवणाऱ्या राज्यात राहून मी मस्कतचा वास परदेशी बाटलीत शोधते, आणि या स्थितीत माझ्या पिढीच्या पिशवीचाही वाटा आहे.

इथवर आवडीचं म्हणणं झालं. ते मला खरं वाटतं आणि त्यातलं एक वाक्यही मी मागे घेणार नाही. चौकशी पुढे सुरू होते.

माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंनी एकदा धुवायला आलेला पेला हुंगला आणि विचारलं, “ताई, ही गोड असते म्हणता, मग चढत नाही का?” त्यांनी सहज विचारलं होतं. मी खरं तेच सांगितलं: चढते, गोड असते म्हणून पटकन कळत नाही. त्या “मग ती दारूच की” म्हणाल्या आणि पेला धुऊन पालथा ठेवला. त्या बोलण्यात टोचणी नव्हती. पण तेव्हापासून त्यांचं ते वाक्य माझ्याजवळ आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर आहे का, हे मी शोधते आहे.

आकडे मांडते, कारण आकड्यांपुढे लपता येत नाही. मोस्कातो द’आस्तीच्या 150 मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे 8 मिलिलिटर शुद्ध मद्य असतं, आणि लिटरला 120 ग्रॅम साखर धरली तर 18 ग्रॅम साखर, म्हणजे चार चमच्यांहून जास्त. रिव्हसाल्तचा तेवढाच पेला भरला तर मद्य 22 मिलिलिटरच्या वर जातं. आपल्याकडे व्हिस्की-रमचा मद्यांश 42.8 टक्के असतो. त्या हिशेबाने हा एक पेला पावणेदोन छोट्या पेगांइतका होतो. फुलांचा वास, मधाची चव, आणि आत पावणेदोन पेग. ही वाइन लहान पेल्यात थोडीच ओततात, ते या कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला 1988 मध्येच कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे, आणि संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. एक पेला हृदयाला बरा, हे वाक्य मी अनेक सुशिक्षित घरांत ऐकते. मला ते वापरायचं नाही. मी पिते ते आवडतं म्हणून. औषध म्हणून नव्हे. यकृताला मस्कत आणि देशी ‘मोसंबी’ दारू यांतला फरक समजत नाही.

दुसरी समजूत अधिक खोल आहे, आणि ती एकट्या माझी नाही. वाइन वेगळी आणि दारू वेगळी. कायदासुद्धा काही प्रमाणात तसंच मानतो: आपल्या राज्यात वाइन आणि सौम्य बिअर घ्यायला 21 वर्षं पुरतात, कडक मद्याला 25 लागतात. सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि वाइनला करात सवलती दिल्या. 27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, यातून शेतकऱ्याचं भलं होईल, असा युक्तिवाद जोरात झाला. विरोधही तेवढाच झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आला नाही.

शेतकऱ्याच्या भल्याचा मुद्दा मी स्वतःला लावून पाहते. महाराष्ट्रात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी वाइनला जाणारा हिस्सा अगदी थोडा आहे. बाकीची खायला, बेदाण्याला आणि निर्यातीला जातात. नाशिक परिसरात वाइनची द्राक्षं करारावर लावणाऱ्या शेतकऱ्यांचा त्यात फायदा होत असेल, आणि तो मला नाकारायचा नाही. पण माझा पेला आस्तीहून येतो. त्यात दिंडोरीच्या किंवा नारायणगावच्या शेतकऱ्याला काय मिळतं? काहीच नाही. तेव्हा त्याचं नाव घेऊन मी माझा आनंद पवित्र करू नये.

मग फरक उरतो कुठे? माझ्याकडे परवाना आहे, स्वयंपाकघरात बसून पिण्याची सोय आहे, दुसऱ्या दिवशी मजुरी बुडण्याची भीती नाही, चुकून जास्त झाली तर पडायला गादी आहे. गावातल्या एखाद्या माणसाला यातलं काहीच नाही. आतलं द्रव्य एकच आहे, बाहेरचा आडोसा वेगळा आहे. माझ्या पिण्याला रसिकता म्हणतात आणि त्याच्या पिण्याला व्यसन, यात पिण्याच्या प्रमाणाचा भाग आहेच; पण पैशाचा भाग किती आहे, हे मी टाळून जाऊ शकत नाही.

मस्कतच्या इतिहासातच याचा पुरावा आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. जगातली सर्वांत नावाजलेली गोड मस्कत वाइन कॉन्स्टॅन्शियाची, केपटाउनजवळची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या राजवाड्यांत तिला मागणी होती, सेंट हेलेनाच्या कैदेत नेपोलियनसाठीही ती जात असे. तिथली मूळ जहागीर डच अधिकारी सायमन व्हान डर स्टेल याला 1685 मध्ये मिळाली. त्या काळातल्या केपच्या मळ्यांत राबणारी माणसं गुलाम होती, आणि त्यांतली कित्येक बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरून नेलेली. आपल्याच किनाऱ्यांवरची माणसं त्या वेली छाटत होती. केपमधली गुलामी 1834 मध्ये कायद्याने संपली, पण केपच्या वाइनमळ्यांवर मजुरांना मजुरीचा भाग म्हणून हलक्या प्रतीची वाइन देण्याची प्रथा पुढेही चालली. दिवसातून अनेकदा मग भरून दिला जाई. विसाव्या शतकात ती बेकायदा ठरली, तरी तिची सवय घराघरांत उतरून बसली होती, आणि गर्भात असताना मद्यामुळे इजा झालेल्या मुलांचं प्रमाण त्या प्रांतात आजही जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. मळा तोच, वेल त्याच मातीतली. एका टोकाला दरबारी पेला, दुसऱ्या टोकाला मजुराचा मग. वाइन ही सभ्य आणि दारू असभ्य, असं मानणाऱ्या कोणीही हा इतिहास एकदा नीट वाचावा. मला तरी त्यानंतर ती विभागणी तोंडाने उच्चारवत नाही.

आणि मी हे कुठे बसून लिहिते आहे? पानशेत म्हटलं की पुण्याला 12 जुलै 1961 आठवतो, फुटलेलं धरण आणि शहरात शिरलेलं पाणी. इथल्या जुन्या माणसांना त्याआधी गेलेली भातखाचरंही आठवतात. आंबी नदीच्या खोऱ्यातली जमीन पाण्याखाली गेली, ते पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना जातं आणि उजव्या कालव्याने पार दौंड-इंदापूरपर्यंतच्या शेतांना. दुसऱ्यांच्या सुखासाठी या खोऱ्याने आधीच पुष्कळ दिलं आहे. आता शनिवार-रविवारी शहर स्वतःच इथे येतं. रिसॉर्ट भरतात, काठावर गाड्या लागतात, बाटल्या फुटतात, काचा गाळात रुततात आणि सोमवारी गुरांमागे जाणाऱ्यांच्या पायात शिरतात. दरवर्षी पिऊन पाण्यात उतरलेलं कोणी ना कोणी बुडतं आणि बाहेर काढायला गावातली पोरं जातात. मी काठावर पीत नाही, बाटली फोडत नाही. तरीही पाहणाऱ्याला वाटतं की पुण्याहून आलेली माणसं इथे पिण्यासाठी येतात, आणि त्या वाटण्यात माझ्या घराची खिडकीही येते. ते चुकीचं आहे असं म्हणायला माझ्याजवळ आधार नाही.

महाराष्ट्रात एक नियम आहे, ज्याचा मला अभिमान वाटतो. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की परवान्याच्या दारू दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं: उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिलांनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. सह्याद्रीच्या खेड्यांपासून विदर्भापर्यंत बायकांनी हे हत्यार वापरलं आहे. सकाळी रांगेत उभं राहायचं, घरातल्यांचे डोळे चुकवायचे, कधी धमक्या ऐकायच्या, आणि तरी शिक्का मारायचा. याला धैर्य लागतं, आणि ते माझ्यासारख्या बाईला कधी दाखवावं लागलेलं नाही.

असं मतदान आमच्या गावात झालं तर मी कुठे शिक्का मारीन? आडवीवर. याबद्दल मनात शंका नाही. ज्या बायकांच्या घरातला पगार शुक्रवारी संध्याकाळी बाटलीत जातो, त्यांच्या बाजूने उभं राहण्याची ती एक संधी मी सोडणार नाही. पण लगेच दुसरा प्रश्न समोर येतो. माझी बाटली पुण्याच्या दुकानातून येते. गावातलं दुकान बंद करणाऱ्या माझ्या मतासाठी मला काहीच किंमत मोजावी लागणार नाही. मी इतरांच्या सोयीवर शिक्का मारीन आणि माझी सोय शाबूत ठेवीन. मग ते मत प्रामाणिक म्हणायचं का?

मी या प्रश्नाला बरेच दिवस वळसे घालून पाहिलं. सगळं सोडून द्यावं, हे एक उत्तर आहे आणि मी ते हलकं समजत नाही. माळ घालणाऱ्या शेजाऱ्यांनी ते दिलं आहे, आणि त्यांच्या आयुष्यात सुवासाची काही उणीव दिसत नाही. पण मी आज ते दिलं तर ते भीतीपोटी दिलेलं असेल, पटून नव्हे. आणि पटल्याशिवाय केलेल्या त्यागावर माझा विश्वास नाही. म्हणून निदान काही गोष्टी पक्क्या केल्या. 15 टक्क्यांच्या गोड वाइन घरात आणायच्या नाहीत. गोडीआड लपलेल्या इतक्या मद्याला माझ्या आवडीत जागा नाही. जी हलकी वाइन आणीन ती लपवून ठेवायची नाही, आणि पाहुण्यांपुढे तिला आरोग्याचं किंवा शेतकऱ्याचं नाव द्यायचं नाही. घरकामाच्या बाई असताना पेला भरायचा नाही. याचं कारण लाज नाही. ज्या वासाने त्यांच्या घरात रात्री बिघडल्या आहेत, तो वास त्यांना माझ्या घरात कामाचा भाग म्हणून सोसावा लागू नये.

त्या मताचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दुकान बंद झालं आणि मतदानासाठी पुढे झालेल्या बायकांपैकी कोणी मला विचारलं, “ताई, तुमचं काय?”, तर बाटली आणणं मलाही थांबवावं लागेल, निदान या गावात राहीन तोवर. तसं कबूल करण्याइतकी माझी तयारी आहे का, हे मी स्वतःला विचारते. आज उत्तर हो येतं. ते उत्तर मतदानाच्या दिवशी टिकेल की नाही हे त्या दिवशीच कळेल, आणि त्याआधी या गावात राहणाऱ्या बायकांना मी ते बोलून दाखवलं पाहिजे, म्हणजे मला मागे फिरणं अवघड होईल. पुढच्या आठवड्यात बचत गटाची बैठक आहे. तिथे हे सांगणार आहे.